वाट्याला आलेलं काम



नेतृत्व म्हटलं की आपल्याला माइक दिसतो, हार दिसतो, मागे-पुढे गाड्या दिसतात. सातारा-सांगलीत तर हे फारच साहजिक आहे. यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील यांच्यासारखे मुख्यमंत्री याच भागानं दिले, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच गावांमधून चाललं. त्यामुळे नेता म्हणजे सभा जिंकणारा माणूस, असं इथल्या मुलांना वाटलं तर त्यांना दोष देता येणार नाही. पण सभा हा शेवटचा टप्पा झाला. माणूस घडतो त्याच्या कितीतरी आधी, चारचौघांच्या कामातला आपला वाटा उचलताना आणि त्याचा हिशेब त्याच चारचौघांपुढे ठेवताना. हे माझं मत मला आज कॉलेजच्या या संमेलनात तुमच्यापुढे तपासून बघायचं आहे.

साताऱ्याचं शाहू बोर्डिंग घ्या. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एका छपराखाली राहिली. पण नुसतं शेजारी झोपून जात जात नाही, हे भाऊराव ओळखून होते. म्हणून पाणी भरणं, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतातली खुरपणी, सगळं मुलांच्या अंगावर टाकलं. यातून काय होतं ते बारकाईनं बघा. आज ज्यानं केलेली भाकरी तुम्ही खाल्लीत, त्याची शिवाशीव उद्या पाळता येत नाही. आणि डब्यात पीठ किती उरलं, सरपण कधीपर्यंत पुरेल हे ज्या पोराला बघावं लागतं, त्याला स्वतःच्या भुकेआधी पंगतीतल्या शेवटच्या पानाचा विचार करायची सवय लागते. ही सवय वक्तृत्व स्पर्धेत लागत नाही. याच मुशीतून निघालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या बोर्डिंगची गोष्ट सांगताना आपण भाऊरावांपाशी थांबतो, हे मला खटकतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जैन कुटुंबातल्या, सोवळंओवळं मानणाऱ्या घरातल्या. तरीही ज्यांना गाव दाराशी उभं करत नव्हतं, अशी मुलं त्यांनी घरात घेतली, त्यांचं दुखलंखुपलं पाहिलं. बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या काळात सवाष्णीनं मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे इथं बसलेल्या आज्यांना मी सांगायला नको. त्यांनी व्यासपीठावरून कुणाला उपदेश केला नाही. तरी नेतृत्वाची यादी करायची झाली, तर मी त्यांचं नाव भाऊरावांच्या शेजारी लिहीन, खाली नाही.

आता आक्षेपाकडे येऊ. कुणी म्हणेल, भांडी घासून चांगला कामकरी तयार होईल, पुढारी कसा होईल? पुढाऱ्याला लांबचं दिसावं लागतं. आक्षेप वजनदार आहे. पण लांबचं कुणाला दिसतं? माण तालुक्यातल्या म्हसवडला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोजचे थोडे थोडे पैसे साठवायचे, तर बँक खातंच उघडेना. एवढ्या लहान रकमेत बँकेला काय परवडणार? तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण अर्जदार बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा जाऊन म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. व्याजाचा हिशेब त्या कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. बाजार करणाऱ्या, उधारी फेडणाऱ्या बाईच्या डोक्यात तो असतोच. ज्याचा हात कामात असतो, त्यालाच काम कुठं अडतं ते आधी कळतं आणि तिथूनच पुढची वाट दिसते.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी असामान्य माणसं. सामान्यांनी त्यांच्याकडे बघून काय करायचं? तर औंध संस्थानाकडे बघा. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत त्याची गावं विखुरलेली होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 च्या राज्यघटनेनं कारभार लोकांच्या हाती दिला. राजानं अधिकार सोडणं ही मोठी गोष्ट खरीच. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की त्यानंतर गावच्या पंचायतीत साध्या शेतकऱ्यांना खर्च मांडावा लागला, तंटे सोडवावे लागले. अलीकडचं उदाहरण हवं तर कोरेगाव तालुक्यातलं वेळू. 2016 च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत ते पहिलं आलं, ते भर उन्हात कुदळ-घमेलं घेऊन डोंगरावर गेलेल्या गावकऱ्यांमुळे. तिथं कुणी महापुरुष अवतरला नव्हता.

पालकांच्या मनातला प्रश्न मला ऐकू येतोय: नीट, सीईटी, एमपीएससीच्या रेट्यात पोरांना झाडू कशाला द्यायचा? अभ्यासाचा वेळ मोलाचा आहे, तो बुडावा असं मी म्हणणार नाही. पण आठवड्यातला एखाद-दुसरा तास सामाईक कामाला दिला, तर कुणाची गुणवत्ता यादी हुकत नाही. खरा धोका वेगळाच आहे. कॉलेजात गरिबाच्या मुलानं झाडायचं आणि बागायतदाराच्या मुलानं बाकावर बसून बघायचं, असं झालं तर ती निव्वळ राबवणूक आहे. तिला कर्मवीरांचं नाव देण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुलींनी रांगोळी-चहा आणि मुलांनी माइक-मंडप, ही वाटणीही त्यातलीच.

म्हणून प्राचार्यांना माझी विनंती आहे. या संमेलनाची वर्गणी किती जमली, मंडप, ध्वनिक्षेपक, जेवण यांवर किती गेली, किती उरली, हे विद्यार्थ्यांच्या समितीनंच लिहावं आणि आठ दिवसांच्या आत फलकावर लावावं. चूक निघाली तर तिथंच दुरुस्त करावी. वसतिगृहाच्या खाणावळीचा महिन्याचा हिशेबही त्याच फलकावर लागू दे. आणि आज ज्यांच्या हाती ढाली आल्या, त्यांची नावं उद्या सकाळी मैदान आवरणाऱ्यांच्या यादीत असू देत. ती यादी कार्यक्रम संपायच्या आत तयार करा.