ओटीत अनुभवही घालावा
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यानिमित्त मोहोपाडा येथे भरलेल्या महिला-सभेतील व्याख्यान)



आपल्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांची बक्षिसे, शिष्यवृत्तीचा निधी, वधूवरांची नोंद आणि जमाखर्चाचा अहवाल हे विषय दरवर्षी येतात, आणि ते यावयासच पाहिजेत. परंतु ज्या प्रसंगातून आपणांपैकी प्रत्येकजण ह्या जगात आला, तो बाळंतपणाचा विषय मात्र व्यासपीठावर सहसा येत नाही. त्याची जागा माजघरात आणि त्याचा आवाज दबका, असेच आपण धरून चाललो आहो. आज तो मी मुद्दाम उघड्या सभेत मांडीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, प्रथमच आई होणाऱ्या मुलीला आधीच्या आयांचा अनुभव हा औषधाइतकाच अवश्य आहे; मात्र तो खरा, पुरा आणि पारखलेला असावयास हवा. आणि तो सांगण्याचा मान ज्या स्त्रियांना आपण आजवर दिला नाही, त्यांना तो आता दिला पाहिजे.

हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. तेथे कोणकोणती सामग्री असावी हे सांगताना, अनेक वेळा प्रसूत झालेल्या, प्रेमळ आणि कामात कुशल अशा स्त्रियाही तेथे असाव्यात, असे सांगितले आहे. सुश्रुताने तर त्यांची संख्याच दिली आहे: प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मात निपुण आणि नखे कापलेल्या चार स्त्रिया. 'नखे कापलेल्या' ह्या एका शब्दात किती शहाणपण आहे पाहा! अनुभव हवा, माया हवी, आणि तिच्याबरोबर स्वच्छताही हवी.

पुढे प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या. त्यायोगे असंख्य प्राण वाचले, ह्यात शंका नाही. परंतु दार लागले की आत अनोळखी माणसांत कण्हणारी मुलगी एकटी आणि बाहेर बाकावर तिची आई, असे दृश्य सर्वत्र दिसू लागले. २०१६ साली भारत सरकारने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. ती नात्यातील स्त्री असावी, स्वतः प्रसूतिवेदना अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिची वस्त्रे स्वच्छ असावीत व तिने उपचारात ढवळाढवळ करू नये, अशा अटी घालण्यात आल्या. चरक-सुश्रुतांची अपेक्षा आणि ही अटींची यादी एकमेकींच्या किती जवळ आहेत! २०१७ साली १७ देशांतील २६ चाचण्यांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. त्यांत पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. ज्यांना कळांच्या वेळी सतत सोबत लाभली, त्यांच्यात शस्त्रक्रियेची गरज कमी पडली व कळांचा काळही काहीसा आखूड झाला, असे त्यातून दिसले. धीर ही नुसती भावना नसून तिचे फळ मोजता येते, असा ह्याचा अर्थ आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ह्या सरकारी कंपनीची स्थापना झाली, आणि रसायनीच्या आसपासचे शेतीवर जगणारे खेडे हळूहळू कारखान्याच्या भोंग्यावर चालू लागले. त्या कंपनीचे येथील बहुतेक काम पुढे बंद झाले, तरी पाताळगंगेच्या काठची औद्योगिक वसाहत राहिली, आणि पोटासाठी दूरदूरची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. पूर्वी घरात सासू, मोठी जाऊ, चुलतसासू अशा चार बाळंतिणी तरी असत. आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात नवरा-बायको दोघेच असतात, आणि नवऱ्याची असते रात्रपाळी. मुलगी शिकलेली असते, पुस्तक वाचू शकते. परंतु मध्यरात्री पोटात कळ आली तर ती खरी की खोटी, हे तिला शेजारच्या भिंतीला विचारता येत नाही.

डॉक्टर तिला वजन सांगतील, रक्तातील लोह सांगतील, तारीख सांगतील. परंतु पावसाळ्यात आपल्या वस्तीजवळचा ओढा कोणत्या सुमारास भरतो, रात्री दोन वाजता कोणाची गाडी मिळते, पनवेल गाठावयास खरोखर किती वेळ लागतो, कोणत्या रुग्णालयात रक्त मिळते आणि कोठून पुढे पाठवून देतात, थोरल्या मुलाला त्या रात्री कोणापाशी ठेवावे, ह्या गोष्टी कोणत्याही पुस्तकात छापलेल्या नाहीत. ज्या बाईने गेल्या आषाढात हा रस्ता कळा सोशीत ओलांडला, तिलाच त्या ठाऊक असतात. कर्जत-खालापुराच्या डोंगरवाड्यांतून आमच्या ठाकूर-कातकरी भगिनींना झोळीत घालून खाली आणावे लागते. त्या वाटेचा हिशेब झोळीत बसलेल्या बाईइतका दुसऱ्या कोणाला असणार?

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन ह्या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली मातृमृत्यूंमागील तीन विलंब दाखवून दिले. पहिला विलंब, जावे की न जावे हे ठरविण्यातला, दुसरा, पोहोचण्यातला, आणि तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. तिसरा विलंब दूर करणे हे शासनाचे व डॉक्टरांचे काम आहे. पहिले दोन मात्र पुष्कळ अंशी आपल्या उंबरठ्यावर घडतात, आणि ते कमी करण्याचे साधन म्हणजे जाणत्या आयांचे बोलणे हेच होय.

ह्याची प्रचीतीही आलेली आहे. झारखंड व ओडिशाच्या आदिवासी भागांत 'एकजूट' ह्या संस्थेने २००५ ते २००८ ह्या तीन वर्षांत गावोगाव स्त्रियांची मंडळे भरविली. महिन्यातून एकदा बायका जमत, चित्रे पाहून व गोष्टी सांगून आपापले अनुभव मांडीत, आणि मग ह्यावर आपण काय करू शकतो हे आपसांत ठरवीत. जेथे अशी मंडळे नव्हती त्या गावांच्या मानाने ह्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. २०१० साली हे निष्कर्ष जगापुढे आले.

आपल्या महाराष्ट्रातील दाखला जामखेडचा. तेथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली काम आरंभिले आणि खेड्यांतील अल्पशिक्षित, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय सभेत बोलल्या. त्या सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्या झुंबरांशी केली: शोभिवंत, परंतु महाग आणि हाताला न लागणारी. मग त्यांनी साधी वातीची दिवटी पुढे केली आणि सांगितले की, एका दिवटीने दुसरी लावता येते, तशा आम्ही आहो. अनुभवाची देवघेव म्हणजे काय, हे ह्याहून सोप्या शब्दांत कोणी सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

तथापि येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वडीलधाऱ्या बाईने सांगितले म्हणजे ते खरेच, असे मी म्हणत नाही. 'कमी खा, म्हणजे मूल लहान राहील व सुटका सोपी होईल', 'पहिला चीक काढून टाका', 'नाळेला राख लावा', हेदेखील अनुभवाच्याच नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कमी खाल्ल्याने आई अशक्त होते आणि मूल कमी वजनाचे निपजते. चिकासारखे बाळाचे रक्षण करणारे दुसरे काही नाही, म्हणून पहिल्या तासाभरातच बाळाला अंगावर घ्यावे. नाळ कोरडी व स्वच्छ राहू द्यावी, तिला काहीही लावू नये. एकीची तिन्ही बाळंतपणे घरात सुखरूप झाली, म्हणून दुसरीचे चौथे तसेच होईल असा नियम निघत नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत 'स्नेहा' ह्या संस्थेने २००६ ते २००९ ह्या काळात अशीच मंडळे चालविली; परंतु त्यांमुळे नवजात मृत्यूंत फरक पडल्याचे आढळले नाही. म्हणून नुसती बैठक भरली की पुण्य पदरात पडले, असे कोणी समजू नये.

ह्यासाठी एक साधी विभागणी सुचविते. जे शरीरासंबंधी आहे ते नर्सबाईला किंवा डॉक्टरांना विचारून ताडून घ्यावे. जे वाटेसंबंधी, घरासंबंधी आणि मनासंबंधी आहे ते आयांकडून शिकावे. आणि अंगावरून रक्त जाणे, असह्य डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला-हातांना सूज, झटके, ताप, पाणमोट फुटणे, बाळाची हालचाल मंदावणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर कोणाचाही अनुभव ऐकत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

आता मी माझ्या विषयाच्या नाजूक भागाकडे येते. आपल्याकडे डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, झोपाळा फुलांनी सजविला जातो. हा सोहळा गोड आहे. त्याला माझा मुळीच विरोध नाही. परंतु त्या ओटीला आपण कोणास बोलावितो? सौभाग्यवतीला, लेकुरवाळीला, जिचे सारे सुरळीत झाले तिला. जिचे मूल जन्मतःच गेले, जिला मरणप्राय रक्तस्राव झाला, जी नंतर महिनेच्या महिने उदास होऊन रडत राहिली, जी विधवा झाली, तिला आपण टाळतो. ती आपण होऊनही येत नाही. आपली सावली नको, असे तिच्या मनावर बिंबविलेले असते. परिणाम असा होतो की, गर्भवतीच्या कानावर एकतर गोड गोड गोष्टी पडतात किंवा कुजबुजीतून आलेल्या अर्धवट, भयंकर गोष्टी पडतात. संकट कसे ओळखावे, पहिली खूण कोणती होती, कोणत्या घटकेला निघावयास हवे होते, हे जिला नेमके ठाऊक आहे, तीच बाई ओसरीबाहेर राहते.

भगिनींनो, आपल्या शेजारच्या कल्याण गावी १८६५ साली जन्मलेली एक मुलगी आठवा. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले नाही, ही खंत तिच्या मनात राहिली. १८८३ साली ती अमेरिकेस गेली, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून तिने पदवी मिळविली, आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच, तिचा अंत झाला. त्या डॉ. आनंदीबाई जोशी. आजच्या आपल्या रूढीने पाहिले तर मूल गेलेल्या आनंदीबाईंना ओटीचे आमंत्रण गेले नसते! ज्या दुःखातून महाराष्ट्राच्या पहिल्या स्त्री-डॉक्टरचा जन्म झाला, ते दुःख अशुभ कसे म्हणावे?

म्हणून माझी संस्थेपुढे विनंती आहे. ज्ञातीतील प्रत्येक ओटीभरणाच्या दिवशी, गाणी व फराळ आटोपल्यावर, एक तास बोलण्यासाठी राखून ठेवावा. त्यास विधवा, निपुत्रिक, मूल गमावलेल्या, सर्व भगिनींना मानाने बोलवावे. बोलणारीने भीती घालू नये व लपवूही नये. काय झाले, मग काय केले आणि काय केले असते तर बरे झाले असते, ह्या क्रमाने सांगावे. शक्य तेथे आशाताईला किंवा नर्सबाईला शेजारी बसवावे, म्हणजे चुकीचे तेथल्या तेथे दुरुस्त होईल. उठण्यापूर्वी गर्भवतीच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर रुग्णालय कोणते, वाहन कोणाचे, सोबत कोण, रक्त देणारे कोण, घर व मूल कोण सांभाळील, हे लिहिलेले असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, रक्त व ने-आण विनामूल्य मिळण्याची योजना २०११ पासून आहे. हेही त्या कागदावर यावे.

बंधूंनाही दोन शब्द. तो कागद आपल्या खिशातही असू द्या. रात्रपाळीला जाताना शेजाऱ्याला सांगून जा. आणि 'निघावे का' असे तिने विचारले, तर घड्याळाकडे किंवा पाकिटाकडे न पाहता 'निघू या' म्हणा. बाळंतपणानंतरही दीड महिना तिचे दुखणे आणि तिचे रडणे ऐकून घ्या. 'सगळ्यांनाच होते' ह्या वाक्याने अजून कोणाचे दुखणे बरे झालेले नाही.

तांदूळ, नारळ, खण ह्यांनी आपण आजवर ओटी भरीत आलो. त्यांच्याबरोबर खऱ्या अनुभवाची मूठही पडू द्या, आणि ती घालणारा हात कोणाचा आहे हे पाहू नका.