लाकडाच्या वायूतलं डांबर

लाकूड, भुसा किंवा उसाचं पाचट भट्टीत, म्हणजे गॅसिफायरमध्ये, मोजक्या हवेत तापवलं की जळाऊ वायू मिळतो. पण त्याच्यासोबत डांबराची वाफही येते. पाइपात वायू थंडावला की ती काळी, चिकट होऊन झडपांवर बसते आणि इंजिन अडून राहतं. इंजिनाला घनमीटरमागे साधारण 100 मिलिग्रॅम डांबर चालतं. भट्टीतून कित्येक ग्रॅम येऊ शकतं.

वायू पाण्यानं धुता येतो, पण मग ते घाण पाणी टाकायचं कुठं? त्यापेक्षा उत्प्रेरकावर डांबराचे रेणू फोडून त्यांचाही जळाऊ वायू करणं बरं. निकेलला हे जमतं, पण त्यावर काजळी साचते. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला सिलिकावर सिरियम ऑक्साइड आणि त्यावर ऱ्होडियम बसवलं. सीडर लाकडाच्या भुशातलं डांबर या उत्प्रेरकानं 600 अंश सेल्सिअसच्या आसपासही फोडलं. सिरियम ऑक्साइड स्वतःतला ऑक्सिजन देऊन काजळी जाळत राहतं, खरी खुबी ती!

अडचण किमतीची. ऱ्होडियम प्लॅटिनमच्या घराण्यातलं, अतिशय दुर्मीळ. त्यामुळे गावपातळीवरच्या गॅसिफायरला उत्प्रेरक म्हणून तूर्त डोलोमाइटसारखा स्वस्त दगडच परवडतो.