दत्तक गावे आणि पोरकी गावे



आपत्तीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीत एक बैठक भरते. शासनाचे अधिकारी, लष्कराचा एखादा प्रतिनिधी, देशी-परदेशी मदतसंस्था, उद्योगसमूहांचे दूत, धार्मिक न्यासांचे विश्वस्त असे सर्वजण तेथे बसतात आणि समन्वय हवा यावर सर्वांचे एकमत होते. त्या बैठकीत एकच माणूस बहुधा नसतो. ज्याचे घर पडले तो. समन्वय म्हणजे गाड्या, तंबू आणि औषधे यांची नीट विभागणी, अशी समजूत शासनात आहे, संस्थांत आहे, आणि खेदाची गोष्ट ही की पुरोगामी चळवळीतही आहे. विभागणी आवश्यक आहेच. परंतु ती कोणी करावयाची, कोणाला विचारून करावयाची आणि चुकल्यास जाब कोणी कोणाला द्यावयाचा, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपत्तीपूर्वी ठरलेले नसेल, तर आपत्तीनंतर ते ज्याच्या हाती पैसा असतो त्याच्या सोयीने ठरते.

महाराष्ट्राला हा धडा किल्लारीने दिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात, किल्लारीच्या परिसराला लहान धक्के वारंवार बसले होते. लोक घाबरले, त्यांनी ओरड केली. परंतु भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत सुरक्षित पट्ट्यात मोडत होता. शासनाने नकाशावर विश्वास ठेवला आणि लोकांच्या पायाखाली जे हलत होते त्यावर ठेवला नाही. २००२ मध्ये नकाशा बदलला. तोवर माणसे गेली होती.

पहिल्या दिवसांत मदतीचा महापूर लोटला. गावाकडे जाणारे अरुंद रस्ते मदत घेऊन निघालेल्यांच्या, पाहणीला आलेल्या मान्यवरांच्या आणि निव्वळ बघ्यांच्या वाहनांनी तुंबले. लोकांच्या अंतःकरणातील करुणा खरी होती, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण करुणेला स्वतःची वाहतूक-व्यवस्था नसते. ती रस्त्यालगतच्या गावात दहा वेळा पोहोचते आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकदाही पोहोचत नाही.

खरी कसोटी लागली ती पुनर्वसनात. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य शासनाने मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वांत अधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावयाची ठरली आणि त्यांतील अनेक गावे देणगीदार संस्थांनी ‘दत्तक’ घेतली. हा शब्द थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. दत्तक घेतले जाते ते मूल. आणि दत्तक घेणाऱ्याने मुलाचे मत विचारण्याची प्रथा नाही. कोणत्या संस्थेने कोणते गाव घ्यावे, हे त्या गावाच्या गरजेपेक्षा संस्थेच्या ओळखींवर आणि गावाच्या प्रसिद्धीवर अधिक अवलंबून राहिले. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत आले, त्याच्या दारी देणगीदारांची रांग लागली. ज्याचे आले नाही, ते पोरके झाले. प्रत्येक संस्थेचा वास्तुविशारद निराळा, बांधकामाचे तंत्र निराळे. काही ठिकाणी तर घुमटाकार घरे उभी राहिली. गल्लीबोळ, वाडे, पार आणि ओसऱ्या यांच्यात वाढलेल्या माणसांना शहरी वसाहतीसारखे काटकोनी चौकोन मिळाले. नवे गाव जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरले आणि त्यासाठी चांगली शेतजमीन गेली. काम एका ढाच्यात, झटपट मोजता आले, एवढाच त्या आखणीचा गुण.

मात्र सारा दोष संस्थांच्या माथी मारून चालणार नाही. स्थलांतरित गावांतील घरांचे आकार ठरविले ते शासनाने, आणि ते जमीनधारणेवरून ठरविले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्याहून मोठ्या जमीनदारास ७५०. मोठ्या शेतकऱ्याला औते, धान्य आणि गुरे यांसाठी अधिक जागा लागते, हा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे नाही. परंतु २५० चौरस फुटांत राहणाऱ्या मजुराच्या घरातही सासू, सुना आणि पाच-सहा लेकरे असतात, हे त्या कोष्टकात कोठे बसले? भूकंपाने सातबारा पाहून कोणाला गाडले नव्हते. पुनर्वसन मात्र सातबारा पाहून झाले. येथे शासन, जागतिक बँक आणि देणगीदार यांच्यात समन्वय नव्हता असे म्हणता येत नाही, उत्तम समन्वय होता. आणि तो समन्वयच जुनी विषमता नव्या सिमेंटमध्ये पक्की करीत होता.

याच कार्यक्रमाची दुसरी बाजू तितकी प्रसिद्ध नाही. कमी नुकसान झालेल्या गावांत, एकूण १३ जिल्ह्यांत, दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण जागच्या जागी करावयाचे होते. इतक्या घरांना पुरेल एवढे ठेकेदार मिळणे शक्य नव्हते, आणि मिळाले नाहीत हे बरेच झाले. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या खात्यावर जमा व्हावयाचे, काम त्याने करून घ्यावयाचे, अभियंत्याने तपासावयाचे, अशी पद्धत ठरली. ती सुरुवातीला अडखळली. भिंतीत ‘थ्रू स्टोन’ का घालावयाचा, माळवदावरची माती का उतरवावयाची, पुढचा हप्ता का अडला, हे गावकऱ्याला कळत नव्हते आणि अभियंत्याला सांगता येत नव्हते. तेव्हा ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमण्यात आले. चार यत्ता शिकलेल्या, परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या या बायका अभियंत्याच्या मागोमाग घरोघर फिरल्या, बांधकाम तपासायला शिकल्या, ग्रामसभेत हिशेब मांडू लागल्या. अडलेल्या हप्त्याबद्दल तालुक्याला जाऊन विचारणारी बाई हा समन्वयाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ प्रकार होय. ही गोष्ट कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात सापडत नाही.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरला, तेव्हा लातूरच्या याच स्त्रिया तेथे गेल्या आणि घरे पडलेल्या बायकांशी बोलल्या. कच्छमध्ये एक गोष्ट आधीच घडलेली होती. १९९८ च्या कांडला चक्रीवादळानंतर तेथील स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ हे व्यासपीठ उभे केले होते. भूकंप झाला तेव्हा ते तयार होते. त्याने गावागावांच्या समूहांसाठी ‘सेतू’ केंद्रे उघडली. बाहेरून येणाऱ्या संस्थेला कोणत्या गावात काय हवे ते तेथे कळे, आणि गावकऱ्याला शासनाचा कोणता निर्णय काय म्हणतो ते तेथेच कळे. दोन आपत्तींमधला अडीच वर्षांचा शांत काळ या लोकांनी वाया घालविला नाही. मोठ्या भूकंपातील त्यांच्या कामाचे बळ त्या अडीच वर्षांत आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्यात शेकडो संस्था उतरल्या. तेथे जिल्हा प्रशासन आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून काही दिवसांतच समन्वय केंद्र चालू केले; निवारा, स्वच्छता, मुले अशी विषयवार कामे वाटून घेतली. वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडल्याचे दृश्य मात्र तेथेही चुकले नाही. दात्याला ज्याची अडगळ झाली ते देणे म्हणजे दान, ही समजूत किल्लारीपासून नागपट्टिणमपर्यंत एकच आहे. त्याहून गंभीर गोष्ट निराळी होती. सर्वांचे लक्ष बोट गमावलेल्या मच्छिमाराकडे होते. त्याच किनाऱ्यावर मासळी वाहणारे, शेतात मजुरी करणारे दलित आणि इरुळ आदिवासी यांची बोट नव्हती, म्हणून त्यांचे ‘नुकसान’ही नव्हते. यादीत नसलेल्याला यादीचा उत्तम समन्वय काहीही देऊ शकत नाही.

म्हणून मदतीला कायद्याचा आधार लागतो. महाराष्ट्रातील समाजवादी कार्यकर्त्याला हे १९७२ च्या दुष्काळाने शिकविलेले आहे. मिलो आणि सुकडी हे शब्द ज्या पिढीच्या तोंडी बसले, तिने ५० लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर राबताना पाहिली. त्या काळी केवळ अन्नछत्रे काढून चळवळ थांबली असती, तर ती पुढच्या दुष्काळात पुन्हा अन्नछत्रेच काढीत बसली असती. मोर्चे निघाले, काम हा हक्क असल्याची मागणी झाली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला. हक्क कागदावर आला की मजुराला हजेरीपटावर स्वतःचे नाव शोधता येते. नसल्यास भांडता येते. भूकंपग्रस्ताला आणि पूरग्रस्ताला असा हजेरीपट अजून पुरता मिळालेला नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने त्या दिशेने पाऊल टाकले खरे. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, पण सहअध्यक्ष लोकनियुक्त, म्हणजे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा करणे आणि दरवर्षी त्याचा आढावा घेणे बंधनकारक. गावपातळीवरील स्वयंसेवी संस्थांना सामील करून घेणे हेही प्राधिकरणाचे काम. अन्न, पाणी, निवारा आणि उपचार यांचे किमान प्रमाण काय असावे, विधवा व अनाथ यांच्यासाठी काय विशेष तरतूद असावी, हे राष्ट्रीय प्राधिकरणाने सांगावे, असे त्या कायद्यात लिहिले गेले. आपत्ती टाळण्यासाठी आणि तिची धग कमी करण्यासाठी स्वतंत्र निधीही सांगितला होता. तो दहा वर्षांनंतरही स्थापन झालेला नाही, हे मे २०१६ मध्ये दुष्काळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला बोलून दाखवावे लागले. न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत दिली. राष्ट्रीय पातळीवर तो निधी प्रत्यक्षात आला २०२१ मध्ये. मेल्यानंतर वाटावयाच्या पैशाची तरतूद तातडीने होते. माणूस मरू नये म्हणून लागणारा पैसा सोळा वर्षे वाट पाहतो.

पूर्वतयारी शक्य आहे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. १२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन लाखांहून अधिक माणसे मेल्याचे मानले जाते. त्यानंतर स्वतंत्र बांगलादेशात रेडक्रॉस आणि शासन यांनी मिळून स्वयंसेवकांची कायम फळी उभारली. भोंगा, झेंडा, सायकल आणि वस्तीतील प्रत्येक घराची माहिती, एवढेच तिचे भांडवल. १९९१ मध्ये आसरे अपुरे पडले आणि लाखाहून अधिक लोक गेले. मग आसरे वाढविले, फळी वाढविली. आता तीत सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांतील निम्म्या स्त्रिया आहेत. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास बळी घेतले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. ही दोन्ही राज्ये श्रीमंत नव्हेत. धोक्याची सूचना शेवटच्या झोपडीपर्यंत कोण नेणार, त्या माणसाचे नाव त्यांना ठाऊक होते.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी मात्र २००५ चा महापूर येऊन गेला, आणि चौदा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, तो पुन्हा आला तेव्हा गावे पुन्हा बोटींची वाट पाहत माळ्यांवर बसली होती. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांनी भरलेली नाव उलटली आणि त्यात अनेकांना प्राण गमवावे लागले. कोल्हापूर-सांगलीकडे त्या आठवड्यात मदत कमी आली नाही. राज्यभरातून ट्रक आले. चौदा वर्षांत नदीकाठच्या प्रत्येक गावाला पुरेशा नावा, जीवरक्षक जाकिटे आणि ती हाताळणारी शिकलेली माणसे का मिळाली नाहीत, याचे उत्तर कोणत्याही ट्रकमध्ये नव्हते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे आपत्तीच्या वेळी दोन मोह असतात. एक, पक्षाचा फलक लावून मदतीचा ट्रक न्यावयाचा आणि धर्मसंस्थांच्या ट्रकांशी स्पर्धा करावयाची. दुसरा, सर्व जबाबदारी शासनाची असे म्हणून निवेदन देऊन घरी यावयाचे. पहिल्यात शासन सुटते, दुसऱ्यात गाव एकटे पडते. यांहून अवघड आणि नीरस काम पावसाळ्यापूर्वी करावे लागते. जिल्ह्याच्या आराखड्यात गावाविषयी काय लिहिले आहे, ते मिळवून १ मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावयाचे. नाव कोठे आहे आणि वल्हविणारा कोण, शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते, अंथरुणाला खिळलेली माणसे कोणत्या घरांत आहेत, याची यादी बायकांच्या बचतगटाकडून करून घ्यावयाची. ऊसतोड मजुरांची पाले, वीटभट्टीवरची कुटुंबे आणि ज्यांच्याजवळ त्या गावची शिधापत्रिका नाही अशी सर्व माणसे त्या यादीत सर्वांत वर लिहावयाची, कारण मदतीच्या वेळी नेमकी तीच विसरली जातात. आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कितीही मोठी असो, काय आणले व कोणाला दिले याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडावा, असा ठराव संकट येण्याआधीच करून ठेवावयाचा. ठरावाची एक प्रत जिल्हा प्राधिकरणाच्या सहअध्यक्षाला, म्हणजे मते मागावयास गावात येणाऱ्या माणसाला, हातोहात द्यावयाची आणि पोच घ्यावयाची.