तारखा कुणाला, उचल कुणाला
(कलावंतांच्या मेळाव्यातलं भाषण)



शहरातला नट नाटकाचे प्रयोग सोडून शूटिंगला जातो, तेव्हा त्याच्या 'तारखा नाहीत' असं म्हणतात. त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. चार महिन्यांनी हा परत येतो, टाळ्या पडतात. मी त्याला नावं ठेवत नाही. पोट त्यालाही आहे. श्रीराम लागूंनी १९६९ साली डॉक्टरी सोडली, नाटक धरलं. मोहन आगाशे डॉक्टरी सांभाळून 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस झाले. कुठलं काम धरायचं, कुठलं सोडायचं, ते त्यांचं त्यांनी ठरवलं.

आपल्याला कोण ठरवू देतं?

मी तीन सीझन एका फडात ढोलकी वाजवली. फड दसऱ्याला निघतो, वैशाखात मोडतो. पुढं पावसाळाभर कलावंत काय खातो? खुरपणीला जातो, बिगारी करतो, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. तेवढ्यानं भागत नाही. पोरीचं लग्न निघतं, म्हातारी आजारी पडते. मग मालकाकडून उचल घ्यायची. ऊसतोड्या मुकादमाकडून घेतो तशीच. उचल घेतली की पुढचा सीझन विकला. मधेच कुणी चार दिवसांच्या चांगल्या कामाला बोलावलं, तर जाता येत नाही. 'आधी उचल फेड, मग जा.' हिशेबाची वही मालकाच्या पेटीत. आपल्या हातात कागदाचा कपटासुद्धा नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. चालू तमाशात कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, पुन्हा बोर्डावर आल्या. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात. माझ्या अंगावर काटा येतो. बाळंतिणीलाही सुट्टी नव्हती, हा त्या गोष्टीचा अर्थ आहे! त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीतून भागवावं लागलं. आता त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. मेल्यावर शाल, जिवंतपणी उचल. असा हा कलेचा मान!

मालक म्हणेल, मी तरी कुठून आणू? खरं आहे. २०२० आणि २०२१ साली कोरोनात जत्रा बंद झाल्या, मालकही बुडाले. पण मालक बुडाला तर त्याच्यावर कर्ज राहतं. कलावंत बुडाला तर त्याच्यावर उचल राहते, आणि वर पायात बेडी.

म्हणून कायदा वाचा. वेठबिगारी मोडण्याचा कायदा १९७६ चा आहे. उचलीपोटी माणसाची दुसरीकडे काम करायची मोकळीक गेली, तर ती वेठबिगारी, असं त्यात लिहिलंय. असलं कर्ज फेडायची जबाबदारीच हा कायदा काढून टाकतो. हा कायदा फडात कुणी वाचून दाखवला? नाय. आता आपणच वाचायचा.

मागणं साधं आहे. उचलीचा लेखी करार व्हावा आणि त्याची प्रत कलावंताच्या हातात असावी. आजारपणाला आणि बाळंतपणाला पगारी रजा हवी. चार दिवस दुसरं काम करून परत येता यावं, जागा शाबूत राहावी. शहरातल्या नटाला जे न मागता मिळतं, तेवढंच.

ढोलकी आपली, घुंगरू आपले, घसा आपला. मग दिवस दुसऱ्याचे का?

जय भीम.