वनमार्गावरील साक्षीदार



चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीस जाणारा रस्ता बराचसा वनातून जातो. तेथे रात्री अपघात घडल्यास साक्षीदार मिळणे कठीण असते. मोटारीच्या दर्शनी काचेवर बसविलेला डॅशकॅम ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढतो.

त्याची निवड येथील हवामान पाहून करणे इष्ट. चंद्रपूरचा उन्हाळी पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत त्याहूनही अधिक उष्णता साठते. तीमुळे लिथियम बॅटरी फुगून निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून कपॅसिटरवर चालणारा व रात्री स्पष्ट चित्रण करणारा कॅमेरा श्रेयस्कर होय.

तो आरशामागे, वायपरने पुसल्या जाणाऱ्या भागात बसवावा. चालकाची दृष्टी अडता कामा नये. तसेच वायर एअरबॅगच्या आड येऊ नये.

कार्ड भरताच जुने चित्रण पुसले जाते. म्हणून अपघातानंतर प्रथम जखमींना मदत करावी आणि लगेच कार्ड काढून जपावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये अशा चित्रणाची प्रत न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते.

कॅमेरा घडलेले सांगतो. घडणारे टाळीत नाही. रस्ता ओलांडणारे चितळ वाचते, ते चालकाने वेग आवरला तरच.