शेवटच्या आंघोळीचं बटण
(देवनार येथे हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

अध्यक्ष महोदय, आणि कपाटातले स्वेटर हवेशीर करायची संधी म्हणून इथं आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापला, ‘थंडीत घर उबदार ठेवण्याचा खर्च’. मी त्यांना फोन करून विचारलं, अहो, देवनारमध्ये घर तापवतं कोण? आपल्याकडे थंडी पडली म्हणजे पंखा पाचावरून दोनावर येतो आणि आई मुलाच्या कानाला मफलर गुंडाळते. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचं सगळ्यात कमी तापमान नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंश. ती सकाळ ज्यांना आठवते ते आज सत्तरीकडे झुकलेत किंवा त्यापुढं गेलेत. त्यांनी पुढच्या रांगेत बसून हात वर करायला हरकत नाही.

तेव्हा मी विषय जरा सरकवून घेतला आहे. आपल्याकडे थंडी भिंतीत नसते, बादलीत असते. उबेसाठी आपण जो पैसा मोजतो तो सगळा न्हाणीघरात जातो, आणि तोही पहाटे साडेपाच ते आठ या अडीच तासांत.

माझी भाची जर्मनीत राहते. २०२२ च्या हिवाळ्यात तिचे फोन यायचे ते गॅसच्या बिलाचेच. युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियाचा गॅस आटला, आणि युरोपीय संघानं सगळ्या सदस्य देशांना गॅसचा वापर १५ टक्के कमी करायला सांगितलं. जर्मनीत सरकारी कचेऱ्या १९ अंशांवर तापवायच्या ठरल्या, आणि तिथल्या हात धुवायच्या नळांचं गरम पाणी बंद केलं गेलं. ती हसून म्हणाली, “मामा, आता ऑफिसात हात धुताना मुंबईची आठवण येते.” मला मात्र त्यातली हुशारी भावली. खोल्या एकदम थंड करता येत नाहीत, माणसं आजारी पडतात. पण हात धुवायला ऊन पाणी नसलं तर कुणाचं काही बिघडत नाही. ज्या उष्णतेचा कुणाला उपयोग नाही, ती त्यांनी आधी शोधली.

तशीच उष्णता आपल्या घरात शोधायची, तर आधी माझ्या आजीच्या बंबापाशी जावं लागेल.

तांब्याचा बंब, मधून वर जाणारं नळकांडं, त्यात बंबफोड नाहीतर करवंट्या. बंबाच्या कडेला एक नरसाळ्यासारखं तोंड होतं. त्यातून वरनं गार पाणी ओतलं की दुसऱ्या बाजूच्या तोटीतून कढत पाणी बादलीत पडायचं. गार घातल्याशिवाय ऊन निघत नसे. लहानपणी मला ही जादू वाटायची. आजी मात्र हिशोबी. शेवटची आंघोळ आजोबांची, आणि त्यांची बादली निघाली की ती विस्तव ओढून घ्यायची. आत नुकतंच गेलेलं गार पाणी तापवायला ती एक करवंटीही जाळत नसे. तापवून करायचं काय, आंघोळीला उरलंय कोण?

तुमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर जो पांढरा गीझर टांगलाय, तो म्हणजे वीज खाणारा बंबच आहे. नळ सोडलात की खालून गार पाणी आत शिरतं आणि वरचं ऊन पाणी बाहेर ढकलतं. आंघोळ संपते तेव्हा टाकीत बहुतेक गार पाणीच असतं. आणि बटण चालूच असेल तर गीझर बिचारा इमानदारीनं ते पुन्हा तापवायला घेतो. तुम्ही डोकं पुसत चहा पिताय, मुलं शाळेत गेलीत, आणि आत १५ लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत चढतंय. कुणासाठी? कुणासाठीच नाही. मग दिवसभर ते हळूहळू निवत राहतं.

याचा हिशोब करू. घाबरू नका, सातवीचं गणित आहे. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. नळाचं पाणी २२ अंशांचं धरा, आंघोळीचं ४२. पंधरा लिटरची बादली २० अंशांनी तापवायची, म्हणजे ३०० किलोकॅलरी. एका बादलीला सुमारे एक तृतीयांश युनिट. आणि कुणासाठीच न तापवलेली ती टाकी? पंधरा लिटर, ४३ अंश, म्हणजे पाऊण युनिट. दोन बादल्यांहून जास्त! रोज हे घडलं तर महिन्याला जास्तीत जास्त बावीस-तेवीस युनिटं फुकट.

पंधरा लिटरची टाकी एकदा पूर्ण तापली की विसण घालून तिच्यातून ४२ अंशांचं तीस-बत्तीस लिटर पाणी निघतं, म्हणजे दोन बादल्या. तेव्हा एका माणसाच्या आंघोळीला, अगदी डोक्यावरून न्हायचं असलं तरी, बटण बंद करून आत गेलं तरी पाणी पुरतं. म्हणून माझं सगळं व्याख्यान एका वाक्यात बसतं. शेवटच्या माणसानं बटण बंद करून आंघोळीला जावं, करून आल्यावर नव्हे.

विसणाबद्दल एक गैरसमज आहे, तो जाता जाता मोडतो. कढत पाण्यात गार मिसळलं की उष्णता वाया जाते, असं बायका एकमेकींना सांगतात आणि पुरुष माना डोलावतात. मिसळण्यात काही वाया जात नाही. अर्धी बादली जास्त तापवा किंवा पूर्ण बादली कमी तापवा, हिशोब तोच. मात्र टाकी जितकी जास्त तापलेली तितकी ती भिंतीतून लवकर निवते, एवढाच फरक.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, “कुठला गीझर कमी वीज खातो?” खरं उत्तर ऐकून दुकानदार माझ्यावर चिडेल. पाणी तापवण्याच्या कामात सगळे सारखेच. विजेची कांडी असो, रॉड असो, दोन किलोवॉटचा असो की तीनचा. बादलीला लागणारी उष्णता ठरलेली आहे. तीन किलोवॉटवाला लवकर तापवतो, इतकंच. डब्यावरचे तारे सांगतात ते टाकीतलं ऊन पाणी किती हळू निवतं ते. बटण वेळेवर बंद करणाऱ्याला पाचवा तारा फारसा कामाचा नाही. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला आहे. रॉड स्वस्त पडतो हे खरं, पण पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, ही एक गोष्ट घाईच्या सकाळी विसरली जाते, आणि ती एकदाच विसरायला मिळते.

आपल्याकडे बिलाचे टप्पे असतात, १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा. टप्पा ओलांडला म्हणून सगळी युनिटं महाग होत नाहीत, वरची तेवढीच होतात. पण वरची म्हणजे नेमकी कुठली? ऑक्टोबरात नव्हती आणि जानेवारीत आली ती. गीझरची.

गॅसवर पातेलं ठेवणं परवडतं का, असं मला नेहमी विचारतात. झाकण ठेवलं आणि आचेतली निम्मी उष्णता पाण्यात उतरली असं धरलं, तर १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या वर बादल्या तापतात. सिलिंडरच्या किमतीला अडीचशेनं भागा आणि विजेच्या एक तृतीयांश युनिटाशी ताडून बघा. माझ्या घरी दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले. गॅस गीझरला उष्णता चांगली उतरते, पण तो बंद न्हाणीघरात बसवू नका. थंडी म्हणून खिडकी लावलेली, आत ज्योत जळते, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. या बाबतीत मी बचतीचा एक शब्दही ऐकून घेत नाही. गीझर बाहेर, नाहीतर नकोच.

आता आपल्याच वॉर्डाचं. इथून चार पावलांवर अशा वस्त्या आहेत जिथं पाणी पहाटे येतं आणि ते तापवायला मिळेल ते जाळलं जातं. तिथं उभं राहून बचतीचा सल्ला द्यायला माझी जीभ रेटत नाही. एवढंच म्हणेन, भांड्यावर झाकण ठेवा, आणि रंग दिलेलं प्लायवुड, प्लास्टिक, रबर चुलीत घालू नका. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, धूर वर जात नाही, गल्लीतच बसतो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस आपलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं तेव्हा हे सगळ्या शहरानं अनुभवलं. १९२७ पासून साठलेला कचरा तो. धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

राहिली गच्ची. शंभर लिटर पाणी उन्हावर तापवायला साधारण दोन चौरस मीटरचा पत्रा लागतो, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो चार युनिटांचं काम करतो. घरटी शंभर लिटर धरलं तर सात मजली, अठ्ठावीस घरांच्या इमारतीला ५६ चौरस मीटर, वर चालायला वाट. एवढी जागा बहुतेक गच्च्यांवर निघते. वीस मजली टॉवरला निघत नाही, तिथं सूर्याचा नाद सोडावा. पण मधल्या उंचीच्या सोसायट्यांत अडतं ते उन्हावाचून नाही, सर्वसाधारण सभेत. वरच्या मजल्याला पाणी लगेच ऊन येणार, खालच्याला नळ सोडून थांबावं लागणार, मग वर्गणी सारखी का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नळाच्या नळ्यांना वेष्टन घालणं आणि परतीची नळी टाकणं हे आहे, पण ते प्लंबरला सभेला बोलावल्याशिवाय कुणाला पटत नाही.

माझी वेळ संपली. आज घरी गेल्यावर मीटरचा आकडा कागदावर लिहून ठेवा, गीझरच्या बटणाखाली चिकटवा. आठवडाभर नेहमीसारखं वागा, पुढचा आठवडा शेवटच्या माणसानं बटण बंद करून आत जावं. दोन्ही आठवड्यांचे आकडे घेऊन समारोपाच्या दिवशी या. मीही माझे आणतो.