नाटक आपल्यापासून किती लांब?

(लखनौच्या सरोजिनी नगरमध्ये मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे अमेरिकन नाटकाचा इतिहास. मराठवाडा-विदर्भातून शिकायला किंवा नोकरीला लखनौत आलेल्या माणसांनी कानपूर रस्त्यालगतच्या या भागात बसून तो कशासाठी ऐकायचा, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. तुमच्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर. इंग्रजीच्या पेपरात युजीन ओनील, आर्थर मिलर काहींनी वाचले असतील. ते मोठे नाटककार आहेतच. पण नाट्यगृहाचं दार ज्यांच्या तोंडावर लागलं, त्यांच्या बाजूने हा इतिहास सांगितला की तो आपल्या फार जवळचा निघतो.

१८२१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राउन या कृष्णवर्णीय माणसाने ‘आफ्रिकन ग्रोव्ह’ नावाचं थिएटर काढलं. त्या राज्यात तेव्हा गुलामगिरी पूर्णपणे संपलेलीही नव्हती. काळे नट तिथे शेक्सपिअर करत होते. गोऱ्यांची हुल्लडबाजी आणि पोलिसांचा जाच यांत ते थिएटर दोन-तीन वर्षांतच बंद पडलं. त्याच न्यूयॉर्कचा आयरा ऑल्ड्रिज हा तरुण नट इंग्लंडला निघून गेला. १८३३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याने ऑथेल्लो केला. युरोपभर त्याचं नाव झालं आणि १८६७ मध्ये पोलंडमध्ये तो वारला. त्याच्या देशाने त्याला रंगमंच दिला नाही.

त्याच काळात अमेरिकेत गर्दी कशाला होत होती? थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाची नक्कल करत असे. लोक पोट धरून हसत. पुढे काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या, वेगळ्या शाळेत घालणाऱ्या कायद्यांना हेच नाव पडलं. तेव्हा रंगमंचावर आपली टिंगल झाली तर ‘जाऊ द्या, करमणूक आहे’ असं म्हणणाऱ्यांना हा जिम क्रो सांगत चला.

१९२६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एक नाट्यमंडळ उभं केलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिलं, तेच हे डुबॉइस. आपल्या रंगभूमीसाठी त्यांनी चार कसोट्या घातल्या. नाटक आपल्याविषयी असावं. ते आपल्या माणसाने लिहिलेलं असावं. ते आपल्या लोकांसाठी असावं. आणि ते आपल्या वस्तीजवळ व्हावं. त्यांच्या मंडळाचे प्रयोग हार्लेममधल्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात होत. ते मंडळ फार वर्षं टिकलं नाही, कसोट्या मात्र टिकल्या. आज मी त्याच लावून बघणार आहे.

पहिली कसोटी सर्वांत सोपी, कारण आपल्याविषयी कोणीही लिहू शकतं. ओनीलने १९२० मध्ये ‘एम्परर जोन्स’ लिहिलं. नायक काळा, नट चार्ल्स गिल्पिनही काळा. त्याचं प्रचंड कौतुक झालं. पण संहितेत काळ्यांना दिलेली एक शिवी वारंवार येत होती. गिल्पिन प्रयोगात ती बदलून बोलू लागला. ओनीलला ते खपलं नाही, आणि लंडनच्या प्रयोगात ती भूमिका पॉल रॉबसनकडे गेली. लेखणी दुसऱ्याच्या हातात असली की आपल्या नटाला शब्दासाठीसुद्धा झगडावं लागतं. मराठीत तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’वर दलित वाचकांनी, कार्यकर्त्यांनी घेतलेला आक्षेप याच जातीचा होता. आमचा तरुण रंगवायला हरकत नाही, पण तो कोणाच्या नजरेतून रंगवता?

दुसऱ्या कसोटीला उतरलेलं नाटक ब्रॉडवेवर यायला १९५९ उजाडलं असं नाही. तुरळक नाटकं आधीही आली होती. पण कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं पहिलं नाटक त्या वर्षी आलं. लोरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’. ते तुम्ही वाचाच. शिकागोतलं एक कष्टकरी कुटुंब. वडील वारले, विम्याचे दहा हजार डॉलर येणार आहेत. मुलाला दुकान टाकायचंय, मुलीला डॉक्टर व्हायचंय, आईला घर हवंय. आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मग तिथल्या रहिवाशांचा प्रतिनिधी गोड बोलत येतो आणि सांगतो की तुम्ही येऊ नका, आम्ही तुम्हाला जास्त पैसे देऊ. भाड्याची खोली बघताना ज्यांना आधी आडनाव विचारलं गेलंय, त्यांना हा माणूस ओळखायला वेळ लागणार नाही. लोरेनच्या स्वतःच्या वडिलांना अशाच घरासाठी कोर्टात जावं लागलं होतं आणि १९४० मध्ये ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. हे नाटक बघायला काळे लोक मोठ्या संख्येने ब्रॉडवेवर आले. म्हणजे तिसरी कसोटीही पार पडली.

राहिली चौथी. ब्रॉडवे वस्तीत नव्हतं. १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या टुगालू कॉलेजात तीन तरुणांनी ‘फ्री सदर्न थिएटर’ सुरू केलं. तिकीट नाही. जिथे जागा मिळेल तिथे, चर्चमध्येसुद्धा, प्रयोग. त्यांनी ‘वेटिंग फॉर गोदो’ खेड्यापाड्यांत नेलं. समोर कापसाच्या शेतात राबणारी माणसं. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या फॅनी लू हेमर एका प्रयोगाला होत्या. या दोघांसारखं आपण वाट बघत बसायचं नाही, असं त्यांनी लोकांना सांगितलं. जे नाटक विद्यापीठात ‘कळायला अवघड’ म्हणून शिकवतात, ते त्यांना पहिल्या फटक्यात कळलं होतं.

आता आपल्याकडे या. मराठी नाटकाचा इतिहास १८४३, सांगली, विष्णुदास भावे असा सुरू होतो आणि १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पाशी येतो. मधे १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं, ते कुठे गेलं? दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. छापून आलं १९७९ मध्ये. शंभराहून जास्त वर्षं ते कागदात पडून राहिलं. त्यात भटजीने नाडलेलं कुणबी जोडपं शेवटी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत रात्री शिकायला निघतं. घरातला पहिला शिकणारा मराठी रंगभूमीवर असा १८५५ मध्येच लिहिला गेला होता.

चौथ्या कसोटीवर तर आपण अमेरिकेच्याही पुढे होतो. सत्यशोधक जलसे, आणि त्यानंतर भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावकुसाबाहेर, चाळींच्या पटांगणात उभे राहत. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण गणातला गणपती आणि गौळण काढून टाकली. १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ बाबासाहेबांसमोर झालं. पुढे प्रेमानंद गज्वी, दत्ता भगत यांनी दलित नाटक मोठ्या रंगमंचावर नेलं. हे सगळं कमावलेलं आहे.

पण पुरस्काराने चौथी कसोटी पार होत नाही. ऑगस्ट विल्सन पंधराव्या वर्षी शाळा सोडून वाचनालयात बसून शिकला. त्याला दोनदा पुलित्झर मिळालं. तरी १९९६ च्या भाषणात त्याने हिशेब मांडला की प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या संघात ६६ संस्था आहेत आणि त्यातली कृष्णवर्णीयांची म्हणावी अशी एकच आहे. लेखक आपला, नट आपले; जागा मात्र दुसऱ्यांची.

आणि इथेच आपला प्रश्न येतो. शिकलो की आपण वस्तीतून निघतो. निघायलाच हवं, त्यासाठीच आईबापांनी शिकवलं. पण आपल्याबरोबर आपलं वाचन, आपले पैसे, आपली संध्याकाळही निघून जाते. मग जलसा ऐकलेला माणूस शहरात तिकीट काढून नाटक बघतो आणि वस्तीत उरतो डीजे.

या शहरातली नाट्य अकादमी गोमतीनगरला, म्हणजे इथून शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण हाच रस्ता दुसऱ्या दिशेने कानपूरला जातो. तिथे आदि हिंदू चळवळीचे स्वामी अछूतानंद राहत होते. शंबूकाच्या हत्येवर त्यांनी ‘रामराज्य न्याय’ हे नाटक लिहिलं. याच लखनौत चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी बहुजन साहित्य छापून लोकांपर्यंत पोहोचवलं. आपल्या किती जणांना हे माहीत आहे? आणि इथल्या शेजाऱ्यांपैकी किती जणांना ‘तृतीय रत्न’ माहीत आहे?

म्हणून माझं मागणं लहान आहे. तुम्हाला मराठी येते, हिंदी येते. ‘तृतीय रत्न’ इथल्या लोकांच्या बोलीत आणा आणि अछूतानंदांचं नाटक मराठीत आणा. सभागृह नको, पडदा नको. चार जणांनी पात्रं वाटून घ्यायची आणि सरोजिनी नगरमधल्या एखाद्या अंगणात, रविवारी संध्याकाळी, मोठ्याने वाचायची. भाजीवाल्या मावशींना, सोसायटीच्या चौकीदाराला, सफाई कामगारांना आवर्जून बोलवा. वाचून झाल्यावर आधी त्यांना बोलू द्या. आपण पदव्या बाजूला ठेवून ऐकायचं.

जय भीम.